काकू घरात, व्यवहारात मॅडम

धामणकर मॅडमना मी आधी ऐकलं आणि बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मधे उंच लाकडी कुंपण होतं.

परदेशात, क्लेटन नावाच्या उपनगरात, युनिव्हर्सिटीपासून, म्हणजे इथल्या भाषेत युनिपासून, चालत जाता येईल अशा एका जुन्या विटांच्या घरात आम्ही तिघे भाड्याने राहत होतो. मी नाशिकचा, ओंकार कोल्हापूरचा आणि हरमन लुधियान्याचा. लॉकडाऊन लागला, युनि लॅपटॉपमध्ये शिरली, आणि मागचं अंगण ही आमची बाहेरगावी जायची एकमेव जागा उरली. तिथे दोरीवर कपडे वाळत घालता घालता मी एका सकाळी आईशी फोनवर बोलत होतो.

"अगं, बँकेने परत काहीतरी कापलंय. दर महिन्याला कापतात."

"काय म्हणून कापलंय?" कुंपणापलीकडून प्रश्न आला.

मला वाटलं आईच बोलली. आईला वाटलं माझ्या घरात कोणीतरी बाई आहे. "कोण आहे रे तिथे?" तिचा आवाज एकदम बदलला.

"शेजारी आहे मी त्याची," पलीकडून उत्तर गेलं. "काळजी करू नका, कुंपण आहे. हं, तू बघ, नाव लिहिलेलं असेल. बँक नाव दिल्याशिवाय कापत नाही. बँकेत आणि पाकीटमारात तेवढाच फरक."

मी ॲप उघडून वाचलं. खातं सांभाळण्याची मासिक फी असं काहीतरी होतं.

"विद्यार्थी आहेस ना? विद्यार्थ्यांना ती माफ असते. सांगितलंस का बँकेला, विद्यार्थी आहेस म्हणून?"

"त्यांना माहीत असेल की."

"कसं माहीत असेल? दप्तर लावून गेला होतास? ओळखपत्र दाखव, फी थांबेल. मागची परत मिळते का तेही विचार. मिळेलच असं नाही. पण विचारल्याशिवाय तर नक्कीच मिळणार नाही."

त्या दुपारी मी बँकेला फोन केला. फी थांबली आणि मागची काही परतही आली. दुसऱ्या दिवशी मी कुंपणाजवळ जाऊन मोठ्याने म्हणालो, "थँक यू हं काकू."

"मॅडम," पलीकडून आवाज आला. "काकू घरात. व्यवहारात मॅडम."

हेमलता धामणकर या सांगलीच्या एका सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगा संजयदादा इथे आयटीत, सून अदितीवहिनी हॉस्पिटलमध्ये नर्स. मॅडम नातीला भेटायला तीन महिन्यांसाठी आल्या आणि सीमा बंद झाल्या. वहिनींची ड्यूटी कोविड वॉर्डात लागल्यावर मॅडमना घराच्या मागच्या बाजूच्या सुट्या खोलीत हलवलं होतं. अशा खोलीला इथे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. "खोलीच्या नावातच आजी आहे," मॅडम म्हणत, "म्हणजे मी यायच्या आधीपासून ही जागा माझ्या नावावर होती." त्या खोलीचं दार आमच्या कुंपणाला लागून होतं. खोलीत पलंग, किटली, एक शेगडी आणि पोस्टातून येणारे कागद. संजयदादाच्या टपालपेटीत जाहिरातीची जी पत्रकं पडत, त्यातली पिझ्झाची आणि घरविक्रीची रिसायकलिंगला जात आणि बँकांची मॅडमकडे. संध्याकाळी लोक पोथी वाचतात तशी त्या ती वाचत. तीही मागून पुढे. "पुढच्या पानावर हसरी माणसं असतात," त्या सांगत. "अटी शेवटी असतात. मग हसरी माणसं कशाला बघायची?"

कुंपणाची एक फळी खालून निखळली होती. ती वरच्या एका खिळ्यावर बाजूला सरकायची. मॅडमनी तिची खिडकी केली. सुरुवातीला मला तिच्यातून फक्त त्यांचा हात दिसे. सकाळी दहाला फळी बाजूला व्हायची आणि दोनला जागेवर यायची. दहा ते दोन त्या मॅडम. नंतर तीच फळी सरकली तर पलीकडे काकू असत आणि हातात शेंगदाण्याची चटणी किंवा थालीपीठ असे. आवाजसुद्धा वेगळा. एकदा ओंकारने बारा वाजता लोणचं आहे का विचारलं, तर "दोननंतर ये" असं उत्तर मिळालं. लोणचं त्यांच्या हाताशीच असणार, त्याचा वास येत होता.

हरमनने पहिल्याच दिवशी त्यांना आंटीजी म्हटलं. मॅडमचं हिंदी सांगलीचं होतं. "आंटीजी नहीं," त्या शांतपणे म्हणाल्या. "दो बजेतक मॅडम बोलनेका. दो के बाद काकू बोलनेका. आंटीजी कभीच नहीं. ऐको और ध्यान में रखो." हरमनने ऐकलं आणि ध्यानात ठेवलं. तो त्यांना शेवटपर्यंत 'मॅडमकाकू' म्हणायचा. त्यामुळे घड्याळ बघावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

आम्ही तिघांनी आपापली खाती कशी निवडली याची त्यांनी रीतसर चौकशी केली. मी ओरिएंटेशनच्या आठवड्यात ज्या स्टॉलवर कापडी पिशवी मिळत होती त्या बँकेत गेलो होतो. हरमनच्या मामेभावाचं जिथे होतं तिथे हरमनचं. ओंकारच्या बँकेचं कार्ड काळं होतं आणि ते त्याला आवडलं होतं.

"पिशवी, मामा आणि रंग," मॅडम म्हणाल्या. "चप्पल घेताना तरी चालून बघता की नाही?"

मग त्यांनी खातं कसं निवडायचं ते सांगितलं. बँक देशी असो की परदेशी, चारच प्रश्न विचारायचे. ठेवायला काय घेता, काढायला काय घेता, चुकलो तर काय घेता आणि सोडून जाताना काय घेता. "पहिले दोन सगळे विचारतात. तिसरा कुणी विचारत नाही, कारण आपण चुकणार असं कुणालाच वाटत नसतं. बँकेला मात्र ते पक्कं माहीत असतं."

हरमनने त्या आठवड्यात खातं बदललं, कारण त्याच्या बँकेत दुसऱ्या बँकेच्या मशीनमधून पैसे काढले की फी जात होती, आणि युनिजवळ नेमकं दुसऱ्याच बँकेचं मशीन होतं. मी आहे तिथेच राहिलो. ओंकार म्हणाला, "मॅडम, माझं एकदम बेस्ट आहे. मला ओव्हरड्राफ्ट पण आहे."

फळी आणखी थोडी सरकली. "ओडी? तुला?"

ओंकार वर्षभर एका कॅफेत काम करत होता. पगार नियमित येत होता, म्हणून बँकेने त्याला खातं शून्याच्या खाली पाचशे डॉलरपर्यंत नेण्याची सोय दिली होती. त्याच्या ॲपमध्ये 'अव्हेलेबल' म्हणून जो आकडा दिसे, त्यात हे पाचशेही धरलेले असत. ओंकार तो आकडा बघून खर्च करायचा. कॅफे बंद झाल्यावरही तो निश्चिंत होता.

"अजून चारशे आहेत की माझ्याकडे," तो म्हणाला.

"तुझ्याकडे शंभर कमी आहेत," मॅडम म्हणाल्या. "चारशे बँकेकडे आहेत."

"पण अव्हेलेबल लिहिलंय."

"शेजाऱ्यांची शिडीसुद्धा अव्हेलेबल असते. म्हणून आपल्या घराला लावून ठेवतोस का कायमची?" मग त्यांचा सूर जरा खाली आला. "ओडी वाईट नाही रे. मी जन्मभर दिलेत. तुझ्या वडलांची स्कूटर होती का? तिला रिझर्व्ह असायचं. गाडी रिझर्व्हला लागली की माणूस पंपाकडे वळतो. पन्हाळ्याला निघत नाही."

ओंकार हसला. आम्हीही हसलो. तो पंपाकडे वळला नाही.

पुढे थंडी वाढली, लॉकडाऊन कडक झाला, मास्क आले, घरापासून पाच किलोमीटरची हद्द आली. ओंकारचं खातं उणे पाचशेवर जाऊन बसलं. जिम बंद होती, पण तिची वर्गणी आपोआप जायचा प्रयत्न करायची. पैसे नसल्याने जात नसे, आणि न गेल्याबद्दल बँक दंड लावे. फोनचं बिलही तसंच. मग घरभाड्यातला त्याचा वाटा अडकला आणि एजंटची ईमेल आली. आम्ही दोघांनी आमच्यातून भरतो म्हटलं, तर तो म्हणाला, "काही गरज नाही, सोय होतेय." तो आमच्याबरोबर जेवायला बसेनासा झाला. डाएट करतोय म्हणाला. ओंकार आणि डाएट हे ऐकून हरमनने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

सोय काय होती ते त्याने एका सकाळी स्वतःच मॅडमना विचारलं. अगदी सहज, माहिती घ्यावी तसं. "मॅडम, बँकेचं खातं भाड्याने देता येतं का?"

मी तेव्हा दोरीवरचे कपडे काढत होतो. मग फळी सरकून जागेवर बसली. दहा ते दोनच्या मधे ती बंद झालेली मी पहिल्यांदाच बघितली.

थोड्या वेळाने आमच्या ड्राइव्हवेत पुढच्या बाजूने एक बाई येऊन उभ्या राहिल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, वर संजयदादाचं गुडघ्यापर्यंत येणारं पफर जॅकेट, मास्क, आणि उंची माझ्या खांद्याच्याही खाली. आवाजावरून मी त्यांना चांगल्या उंच धरून चाललो होतो. त्या घराबाहेर पडल्या आहेत हे संजयदादाला कळलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

"कुणाला दिलंस?" त्यांनी दुरूनच विचारलं.

कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला होता. विद्यार्थ्यांची खाती हवी आहेत, वापरायला, दर आठवड्याला दोनशे डॉलर, रिस्क काही नाही. ओंकारने कार्डाचा फोटो आणि खातं नंबर पाठवला होता. पासवर्ड संध्याकाळी द्यायचा होता.

"माझ्या खात्यात तसंही काही नाहीये, मॅडम. चोरणार काय?"

"ते न्यायला येत नाहीत रे. ते ठेवायला येतात." त्या मास्कमधून हळू बोलत होत्या, पण मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "कुणा म्हातारीचे फसवून काढलेले पैसे तुझ्या खात्यात येणार आणि दुसऱ्या मिनिटाला पुढे जाणार. पोलीस माग काढत येतील, तेव्हा दार तुझं असेल. व्हिजा तुझा असेल. तो मेसेजवाला कुठे असेल, माहितीय?"

ओंकारचा चेहरा उतरला. तो पायरीवर बसला.

मॅडम उभ्याच राहिल्या. मग त्यांनी बाबूची गोष्ट सांगितली. सांगलीच्या त्यांच्या शाखेसमोर बाबूची चहाची गाडी होती. त्याचं खातं मॅडमनीच उघडून दिलेलं. कुणीतरी व्यापारी म्हणवणारा माणूस त्याला म्हणाला, तुझ्या खात्यातून माझे दोन-चार चेक फिरवतो, तुला वर काही देतो. चेक खोटे निघाले. माणूस पसार झाला आणि बाबूवर केस झाली. ती वर्षानुवर्षं चालली.

"साक्षीला मी होते," मॅडम म्हणाल्या. "सह्या त्याच्याच होत्या, मी तेच सांगितलं. खरं तेच सांगितलं. बाहेर आले तर कोर्टाच्या व्हरांड्यात हा माझ्यासाठी चहा घेऊन उभा. म्हणाला, मॅडम, घसा सुकला असेल."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. प्यायले." त्यांनी जॅकेटची चेन वर ओढली. "फोन लाव बँकेला. आत्ता. स्पीकरवर टाक."

तो फोन म्हणजे आमच्या लॉकडाऊनमधला सगळ्यांत मोठा कार्यक्रम होता. हरमन क्लास सोडून बाहेर आला. मॅडम ड्राइव्हवेच्या टोकाला, आम्ही पायऱ्यांवर, मधे कचऱ्याच्या डब्यावर फोन. होल्डवरची तीच ती धून इतका वेळ वाजली की हरमन तिच्यावर पंजाबी शब्द बसवू लागला. शेवटी ब्रेंडा नावाच्या बाईने फोन घेतला. ओंकारने तोंड उघडायच्या आत मॅडम पुढे झाल्या.

"गुड मॉर्निंग. आय ॲम हेमलता धामणकर, रिटायर्ड ब्रँच मॅनेजर."

ब्रेंडाने नम्रपणे विचारलं की खातं तुमचं आहे का.

"नो. आय ॲम कुंपण." मॅडमना शब्द आठवेना. "आय ॲम... फेन्स."

ब्रेंडा म्हणाली की खातेदाराशिवाय कुणाशी बोलता येत नाही. आम्हाला वाटलं आता मॅडम भडकणार. उलट त्यांची मान समाधानाने हलली. "बरोबर आहे तिचं. चांगली आहे बाई. ओंकार, तू बोल. आधी कार्डाचं सांग, दंडाचं नंतर."

ओंकार इंग्रजीत सांगत गेला आणि मॅडम मागून मराठीत पुरवत गेल्या. "कार्ड बंद करा म्हण. नंबर बदलून द्या म्हण. पासवर्ड दिलेला नाही, हे दोनदा सांग. नोकरी गेली ते सांग. लाजू नकोस, अख्ख्या गावाची गेलीय. एकदम भरता येणार नाही, हप्ते करून द्या म्हण." ब्रेंडा मधेच थांबून विचारायची, "वॉट डिड शी से?" आणि ओंकार भाषांतर करायचा. काही वेळाने ब्रेंडा थेट, "ॲन्ड वॉट डज द फेन्स थिंक?" असं विचारू लागली.

बँकेत अडचणीत आलेल्या लोकांसाठी वेगळा विभाग असतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ब्रेंडाने तिथे जोडून दिलं नाही, स्वतःच तिकडचे प्रश्न विचारून घेतले. त्यात बराच वेळ गेला. मधेच मॅडम म्हणाल्या, "तिला विचार, जेवलीस का?"

ओंकारने संकोचत विचारलं. ब्रेंडा हसली. आज अजून वेळ झाला नाही, म्हणाली. ती घरूनच काम करत होती आणि तिची दोन मुलं शेजारच्या खोलीत शाळा करत होती. खरोखरच मागे कुणीतरी भांडत होतं.

"मग आधी जेव म्हणावं. आम्ही थांबतो. आम्ही कुठे जाणार आहोत, पाच किलोमीटरच्या आत."

ब्रेंडा जेवायला गेली नाही, पण त्यानंतर तिचा आवाज बदलला. कार्ड बंद झालं, खात्याचा नंबर बदलला. बरेचसे दंड माफ झाले. ओव्हरड्राफ्टचं देणं थोडंथोडं फेडायचं ठरलं आणि जसं फेडेल तशी मर्यादाही खाली आणायची असं मॅडमनी ओंकारमार्फत मागून घेतलं. ब्रेंडा म्हणाली, मर्यादा कमी करून मागणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. मॅडम म्हणाल्या, "सांग तिला, हा मागत नाहीये. कुंपण मागतंय."

फोन ठेवल्यावर ओंकारला रडू आलं. मॅडम पुढे होऊ शकत नव्हत्या, दीड मीटरचा नियम होता. त्यांनी घड्याळ बघितलं. दोन केव्हाच वाजून गेले होते.

"थालीपीठं लावते," त्या म्हणाल्या. "डाएट उद्यापासून कर."

युनिच्या मदतनिधीतून ओंकारला काही पैसे मिळाले, त्याचा अर्जही फळीतूनच तपासून गेला. पुढे एका गोदामात त्याला शिफ्ट्स मिळाल्या. मॅडमनी त्याला दोन खाती करायला लावली, दोन्ही बिनफीची. पगार एकात यायचा आणि त्याच दिवशी भाड्याचे पैसे दुसऱ्यात जायचे. बिलांच्या तारखा त्याने कंपन्यांना फोन करकरून पगाराच्या दुसऱ्या दिवशी आणल्या. वसंत ऋतूत त्याचं खातं शून्याच्या वर आलं, तेव्हा त्याने फळीतून मॅडमना फोनचा स्क्रीन दाखवला. मॅडमनी चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाल्या, "हं. आता हे तुझे आहेत." एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी दोनच्या आधी लोणचं आलं.

लॉकडाऊन उठला तेव्हा मॅडमनी मला बोलावून घेतलं. "माझ्याबरोबर बँकेत चल. संजयला सांगू नकोस."

संजयदादाच्या कंपनीने त्याचा आठवडा चार दिवसांचा केला होता आणि पगारही तसाच कापला होता. मॅडमना हे भिंतीपलीकडून समजलं होतं. त्यांचं पेन्शन सांगलीत नुसतं साचत होतं. "तीन महिने मी पाहुणी होते," त्या म्हणाल्या. "त्यापुढे पाहुणी कसली? खाते-पिते, हीटर चालवते. पण हा पोरगा माझ्याकडून काही घेत नाही. इथे माझं खातं पाहिजे."

क्लेटन रोडवरच्या शाखेत आम्ही जमिनीवरच्या खुणांवर अंतर ठेवून उभे राहिलो. मॅडमनी सगळीकडे नजर फिरवली. काउंटर नव्हतं, रजिस्टर नव्हतं. हातात टॅबलेट घेतलेला, टाय नसलेला एक तरुण मुलगा आला आणि म्हणाला, "हाउ यू गोइंग? नो वरीज, लेट्स गेट यू सॉर्टेड."

मॅडम मला मराठीत म्हणाल्या, "बँकेत नो वरीज म्हणणाऱ्या माणसाची मला फार वरी वाटते."

त्याने विचारलं, कोणत्या प्रकारचं खातं हवंय. मॅडमनी घरून तयारी केली होती. "स्टुडंट," त्या म्हणाल्या.

तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी मॅडमकडे. मॅडमनी पर्समधून कागद काढला. कम्युनिटी सेंटरच्या ऑनलाइन इंग्रजी संभाषणाच्या वर्गात त्यांनी नाव घातलं होतं, त्याची ती ईमेल होती, संजयदादाच्या प्रिंटरवर गुपचूप छापलेली. त्यांच्या वाचनानुसार त्या बँकेत विद्यार्थ्यांनाच फी माफ होती, आणि फी भरून खातं उघडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मुलाने अदबीने सांगितलं की त्यासाठी युनि किंवा कॉलेज लागतं. पण आता सगळ्यांसाठीच एक बिनफीचं खातं निघालंय, ते उघडू या. मॅडमनी त्याला चार प्रश्न विचारले. तीन त्याला आले. सोडून जाताना काय घेता याला तो आत जाऊन विचारून आला. काही घेत नाही, म्हणाला.

"ओव्हरड्राफ्ट?" त्याने शेवटी सवयीने विचारलं.

"नो, थँक यू," मॅडम म्हणाल्या. "आय हॅव गिव्हन. आय डोन्ट टेक."

सही करताना त्यांनी पेन मागितलं. टॅबलेटवर बोटाने करायची असते, मुलगा म्हणाला. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या, तिने ती बोटाने सही केली, वाकून बघितली आणि मला म्हणाली, "माझ्यासमोर ही आली असती तर मी पास केली नसती."

पेन्शन आलं. मॅडमनी संजयदादाच्या खात्यावर दोनशे डॉलर पाठवले. संजयदादाने ते त्याच दिवशी परत केले. मॅडमनी पुन्हा पाठवले. त्याने पुन्हा परत केले. मायलेक एकाच अंगणात राहत होते, एकमेकांशी हवापाण्याचं बोलत होते, आणि तेच दोनशे डॉलर कित्येक दिवस दोघांच्या खात्यांमध्ये ये-जा करत होते. मॅडम पैशांसोबतच्या शेऱ्याच्या जागेत 'राहण्याचे' लिहीत. दादा 'आईस परत' लिहून पाठवी. एकदा रागाच्या भरात त्याने तीनशे पाठवले, तेव्हा मॅडमनी जादाचे शंभर फरकाची रक्कम म्हणून वेगळे परत केले. हिशेब चुकलेला त्यांना खपत नसे, भांडणातसुद्धा.

हे अदितीवहिनींनी मिटवलं. नाइट शिफ्ट करून आलेल्या त्या, अंगावरचा कोट तसाच, ग्रॅनी फ्लॅटच्या दारात लांबूनच बोलल्या. मी इकडे लिंबं तोडत होतो, म्हणून ऐकलं.

"आई, तो नंबर खोडा. माझा लिहून घ्या."

"आणि तू परत पाठवलेस तर?"

"मी कशाला परत पाठवू? मला हवेत. विजेचं बिल आलंय."

मग फळी सरकली आणि त्यांचा चेहरा दिसला. दोन वाजून गेले होते, पण आवाज मॅडमचा होता. "या घरात व्यवहार कळणारं एकच माणूस आहे," त्या मला म्हणाल्या, आणि पुढे अगदी हळू, "सून म्हणून मी पास केली, तेव्हा इतकं कळलं नव्हतं."

पुढच्या वर्षी उन्हाळा संपता संपता त्यांना एका विशेष विमानाचं तिकीट मिळालं. दुसऱ्या दिवशी मिळेलच याची खात्री नाही, म्हणून निघणं घाईत ठरलं. आम्ही तिघे हरमनच्या गाडीने विमानतळावर गेलो. टर्मिनल जवळजवळ रिकामं होतं, फक्त त्या एका विमानाची रांग होती, आणि रांगेतल्या बऱ्याच जणांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पीपीई सूट, मास्क आणि वर प्लास्टिकची फेस शील्ड चढवली होती. सगळे एकसारखे दिसत होते. ओंकारला त्यातल्या एक ठेंगण्या बाई दिसल्या आणि तो दोन्ही हात हलवायला लागला. आम्हीही हलवले. बाईंनी जरा वेळ बघून आम्हाला हात केला. ओंकारने लांबूनच वाकून नमस्कार केला, तर त्यांनी आशीर्वादही दिला.

"तिला का नमस्कार करताय?" मागून आवाज आला. मॅडम संजयदादाबरोबर आत्ता येत होत्या. पांढरा सूट साडीवरून चढवल्यामुळे तो सगळीकडून फुगला होता. "ओळखीची आहे का?"

ओंकारने नाही म्हणून मान हलवली.

वहिनींनी त्यांच्या सूटची चेन गळ्यापर्यंत नीट लावून दिली, शील्ड बसवून दिली, पाणी प्यायला ती कधी काढायची ते सांगितलं. नात त्यांच्या पायांना मिठी मारून "कम बॅक सून, आजी" म्हणाली आणि प्लास्टिकच्या त्या सूटचा करकर आवाज झाला. संजयदादा बॅगेचं वजन करण्यात फार गुंतला होता. मॅडमनी सगळ्यांच्या डोक्यावरून लांबूनच हात फिरवल्यासारखं केलं. मग पासपोर्ट छातीशी धरून, कुणाकडे न बघता, सरळ चालू लागल्या.

आतल्या दारापाशी त्या थांबल्या आणि वळल्या. शील्डवर वाफ धरली होती, चेहरा दिसत नव्हता. त्यांनी सूटच्या बाहीने शील्ड पुसली, पुन्हा पुसली, आमच्या दिशेने बघण्याचा प्रयत्न केला आणि परत पुसली. त्या बाहेरून पुसत होत्या. वाफ आतून होती.